हनुवटी खाली

आधी सिस्टरांचं सांगतो, बाकीचं मागून. त्या नसत्या तर त्या दुपारीच मी पिशवी उचलून मिळेल त्या एसटीत बसलो असतो, आणि आजपर्यंत कुणाला तोंड दाखवलं नसतं.

तळेगाव ढमढेऱ्यात, बाजाराच्या अलीकडं त्यांचं घर आहे. सरकारी दवाखान्यातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. सासरचं मुसलमान घराणं तिथलंच जुनं. तीन पिढ्या विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करतात, म्हणजे जळालेली मोटार नव्यानं तारा भरून देतात, त्यामुळं आसपासच्या सगळ्या बागायतदारांशी घरोबा. पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चप्पल, जुनी स्कूटी आणि डिकीत हातमोज्यांचा डबा. बोलणं तिखट. पहिल्या भेटीत मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तू पेशंट सांभाळतोस का पेशंट तुला सांभाळतोय? त्याच्यापेक्षा तुझेच हात जास्त थरथरत्यात."

खरंच थरथरत होते. मी मुळात भित्रा.

माझं गाव हिंगोलीकडं. शाळा सातवीत सुटली. आई अंथरुणाला खिळली, धाकट्यांना भाकरी करून घालायला कुणी नव्हतं, म्हणून थोडे दिवस घरी राहिलो आणि मग शाळेची वाटच मोडली. मराठी वाचता-लिहिता येतं. औषधाचं इंग्रजी नाव आलं की मी गोळ्यांच्या पट्टीचा रंग बघतो. रांजणगावला एका कंपनीत ठेकेदाराकडं पॅकिंगला होतो, तो ठेका संपला. ओळखीच्या एकानं सांगितलं, एक म्हातारं पेशंट सांभाळायचंय, राहणं-जेवण तिथंच. असं हे काम लागलं. बायको-लेक गावाकडं. मी चाळिशीला आलो तरी घरापासून लांबच.

भित्रेपणाला कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. माझा बाप तापानं पडला होता तेव्हा मी त्याच्याजवळ होतो. त्यानं पाणी मागितलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, हनुवटी वर उचलली आणि तांब्यातनं पाणी घशात सोडलं. आमच्याकडं बैलाला औषध पाजताना असंच करतात, मान वर धरायची आणि ओतायचं. बापाला ठसका लागला. डोळे फिरले. दिवस मावळायच्या आत गेला. कुणी मला बोल लावला नाही. उलट चुलते म्हणाले, "नशीबवान गडी, लेकाच्या हातचं पाणी मिळालं." ते वाक्य माझ्या कानात शिसं ओतल्यासारखं गेलं. तेव्हापासून माणूस पाणी प्यायला लागला की माझं लक्ष त्याच्या नरड्याकडं जातं. एसटी स्टँडवर, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत. गेलं का खाली? गेलं. मग मी श्वास सोडतो.

आणि असल्या माणसाला काम कुठलं मिळालं, तर गिळता न येणाऱ्या म्हाताऱ्याचं.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. गावाबाहेर उसाच्या पट्ट्यात वस्तीवरचं घर. वय ऐंशीच्या वर. दोनदा पॅरालिसिसचा झटका आलेला. दुसऱ्या झटक्यात डावी बाजू तर गेलीच, गिळायचंही गेलं. शिरूरच्या दवाखान्यात नाकातून पोटात नळी घालून घरी पाठवलं. दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजनं त्या नळीतून दूध, डाळीचं पाणी, पातळ पेज सोडायची. आप्पांना नळी सहन व्हायची नाही. उजवा हात चालता होता, त्यानं ते ती उपसून काढायचे. दोनदा काढली, दोनदा शिरूरला नेऊन परत घातली. मग दवाखान्यात सांगितलं, हात बांधून ठेवत जा.

बांधायचं काम माझं. जुन्या धोतराची मऊ पट्टी करून मी त्यांचा हात खाटेच्या पाइपाला बांधायचो. आप्पा माझ्याकडं बघत राहायचे. बोलणं तुटक झालं होतं, पण डोकं एकदम जाग्यावर. सोसायटीच्या राजकारणात मुरलेला माणूस, नजरेनंच विचारायचा: पाव्हणं, हे काय चाललंय?

मला ते पाव्हणंच म्हणायचे. लांबचा म्हणून.

एक गोष्ट खरी सांगतो. मला ती नळी आवडायची. नळी असली की घास नाही, गिळणं नाही, ठसका नाही. सिरिंजवरच्या रेघा बघायच्या आणि सोडायचं. म्हातारा झुरतोय हे दिसत होतं. पण झुरलेल्याचा आळ माझ्यावर येणार नव्हता.

त्या दुपारी घरचे सगळे न्हावऱ्याला लग्नाला गेले होते. आप्पांचा थोरला मुलगा, ज्यांना मी दादा म्हणतो, जाताना बजावून गेले, "हात सोडू नका. आमी चारपर्यंत येतो." मी आप्पांचं अंग पुसायला घेतलं. बांधलेल्या हाताखालची कातडी ओली राहते, तिथं जखम होते, म्हणून पट्टी सोडली. बादलीतलं पाणी गार झालं होतं. बदलायला न्हाणीत गेलो आणि आलो. तेवढ्यात नळी अंथरुणावर पडलेली. आप्पांच्या नाकातून थोडं रक्त, आणि चेहऱ्यावर हसू. बऱ्याच दिवसांनी बघितलेलं.

"च्या," आप्पा म्हणाले.

दादा येऊन बघणार. काय सांगू? हात का सोडला? मला हाकलतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती म्हणजे नळी नाही, आता हा माणूस उपाशी माझ्या ताब्यात. काहीच सुचेना. आप्पा आपले "च्या, च्या" करत होते, आवाज वाढत होता, शेजारच्या वस्तीवर ऐकू जाईल असा. माझा स्वतःचा चहा पेल्यात होता. म्हातारं गप बसावं, एवढ्याचसाठी मी पेला उचलला. दया आली म्हणून दिला असं आज लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं.

आणि पाजताना मी काय केलं? डोक्याखाली हात घालून मान मागं केली, हनुवटी वर उचलली, आणि सोडलं. हाताला तेवढंच माहीत होतं.

पहिला घोट गेला वाटलं. दुसऱ्याला आप्पांच्या घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि मग आवाजच बंद. तोंड उघडं. ओठ जांभळे. डोळे माझ्यावर. माझ्या बापाचे असेच होते.

शिरूरच्या दवाखान्याचा फोन कुणी उचलला नाही. सिस्टरांचा नंबर दादांच्या बायकोनं, वहिनींनी, भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. "आप्पा... चहा..." एवढंच बोलता आलं. तिकडून आवाज आला, "बसता कर. पुढं वाकव. पाठीवर थापट्या मार. आले."

मी बसतं केलं. शिट्टीसारखा बारीक श्वास येत होता. थापट्या मारल्या की नुसताच रडत धरून राहिलो, आठवत नाही. स्कूटी अंगणात आली ती स्टँडवर न लावताच त्यांनी आडवी टाकली. आत येऊन आप्पांना पुढं वाकवलं, बोटाला कापड गुंडाळून तोंडातलं काढलं, दोन खांद्यांच्या मधे तळहातानं सणसणीत मारलं. आप्पांना खोकला आला. चहा नाकातोंडातून माझ्या शर्टावर आला. मग श्वास. घरघर करणारा, पण श्वास.

बऱ्याच वेळानं, आप्पा उशांना टेकून बसल्यावर, सिस्टर माझ्याकडं वळल्या.

"कसा पाजलास?"

"मान वर करून."

"बैल हाय का रे त्यो?"

त्यांनी आप्पांचं मनगट हातात घेतलं. पट्टीचे वळ होते.

"हे कुणी बांधलं?"

"मीच. दवाखान्यानं सांगितलं म्हणून."

त्यांनी वळांवरून अंगठा फिरवला. मी म्हणालो, "सिस्टर, नळी घाला. लवकर घाला, दादा यायच्या आत." डिकीत नळी होती त्यांच्या. घालता येत होती. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि आप्पांच्या समोर बसल्या, डोळ्याला डोळा भिडेल अशा.

"आप्पा, नळी घालू का?"

आप्पांनी मान हलवली. नाही.

"नीट ऐका. नळी न्हाई घातली तर पोटभर जाणार न्हाई. वाळत जाशीला. एखांद्या दिवशी घास छातीत उतरंल, ताप येईल, त्यातच मरण येईल. समजतंय का मी काय म्हणते ते?"

"सम...जतंय."

"मग काय करू?"

"च्या."

सिस्टर हसल्या. आप्पांनी उजवा हात उचलला, बोट त्यांच्याकडं केलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुज्या सासऱ्यानं... भरल्याली मोटार... आजून चालतीया. माजंच... वायंडिंग... जळालं."

"व्हय ना. आन् तुमचं परत भरता येत न्हाई आप्पा. तेवढी कला न्हाई कुणाकडं."

आम्हाला कुणालाच त्या आजारात आप्पांना काही विचारायचं सुचलं नव्हतं. ना दवाखान्यात, ना घरी. हात बांधताना मीही विचारलं नव्हतं.

चारला लग्नावरून गाडी आली. मी भिंतीला टेकून उभा. सिस्टर मला आधीच म्हणाल्या होत्या, "खोटं बोलायचं न्हाई. पण आदी मी बोलते." त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, माझ्या हाताचंही. दादा माझ्या अंगावरच आले.

"ह्याला आत्ताच्या आत्ता हाकला! बाप मारला असता माझा!"

"हाकला की," सिस्टर म्हणाल्या. "पण उद्या दुसरा आणशीला, त्यो बी मान वरच करणार. हितं सगळे तसंच पाजत्यात. तुमी तरी कसं पाजलं असतं?"

दादा हात झटकून म्हणाले, "ते जाऊ द्या. तुमी नळी घाला."

"आप्पा नगं म्हणत्यात."

"त्यांना काय कळतंय?"

"च्या," आप्पा खाटेवरून म्हणाले. वहिनींना अशा वेळी हसू आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"नळी काढून बापाला उपाशी मारू व्हय?" दादांचा आवाज फुटला. "भावकी तोंडात शेण घालंल माज्या. म्हणंल, जमीन मिळाली, आता म्हाताऱ्याला अन्न बी दीना."

आप्पांचा पुण्याचा धाकटा मुलगा फोनवर म्हणत होता की पुण्याला आणा, इथं सगळ्या फॅसिलिटी आहेत.

दुसऱ्या दिवशी दादा शिरूरला डॉक्टरांना भेटायला निघाले. फाइल मी लावलेली असायची, म्हणून मलाही जीपमध्ये घेतलं. डॉक्टरांनी कागद चाळले, चष्मा काढला आणि सांगितलं, नळी घातली म्हणून छातीत जंतू जाणारच नाहीत असं नसतं. थुंकी जातेच. नळीनं थोडे दिवस वाढतील, कदाचित नाहीही. दोन्हीकडून आता फार वेळ नाही. "त्यांना काय हवंय?"

"च्या," दादा म्हणाले. आणि एवढा दणकट माणूस टेबलावर हात ठेवून तसाच बसून राहिला.

येताना एसटी डेपोसमोर चहाला थांबलो. दादांनी अर्धा कप तसाच ठेवला. "दिवसाला बारा कप पेयाचे," म्हणाले. "आई वरडायची."

असं ठरलं. नळी नाही. हात बांधायचे नाहीत. आणि मी थांबायचं.

मला मात्र थांबायचं नव्हतं. मी सिस्टरांना त्यांच्या दारात गाठलं आणि सांगितलं, माझ्याच्यानं होणार नाही, मी नळी होती म्हणून टिकलो होतो. माझ्या बापाचंही सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या.

"जा मग. पण आठवडाभर शिकून जा. पुढल्या पेशंटला तरी उपयोगी पडंल."

मला वाटलं समजूत घालतील. ती घातली नाही. मग आठवडाभर राहणं भाग पडलं.

शिकवलं कसं, ते सांगतो. मला त्यांनी वस्तीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. आप्पा खाटेवरून बघताहेत, वहिनी दारात. माझ्या कपाळाला हात लावून मान मागं ढकलली आणि चहाचा चमचा तोंडात ओतला. "गीळ." मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी.

"धडधाकट असून ही गत. आता हनुवटी खाली. छातीकडं. हं, गीळ."

सरळ गेला. काही झालं नाही. आप्पा हसत होते. मी हसलो नाही. मला मांडीवरचं बापाचं डोकं दिसत होतं. हनुवटी चार बोटं खाली घ्यायची होती, बस.

मग त्यांनी सगळं दाखवलं. ताठ बसवायचं, पाठीला उशा. आधी तोंड स्वच्छ पुसायचं. चहा पातळ नाही द्यायचा. त्यात बिस्किट कुसकरून मधासारखा दाट करायचा. चमचा लहान, निम्मा भरलेला, समोरून आणि खालून आणायचा, म्हणजे मान आपोआप खाली येते. नरड्यावर हलकी बोटं ठेवायची. घाटी, म्हणजे नरड्यावरचा उंचवटा, वर जाऊन खाली आली की गिळलं. ती हलल्याशिवाय दुसरा चमचा नाही, कितीही मागू दे. आणि दर दोन चमच्यांनी त्यांना काहीतरी बोलायला लावायचं. आवाज ओला, बुडबुड्यांचा आला तर थांबायचं.

"काय बोलायला लावू? राम राम?"

आप्पांनी स्वतःच ठरवलं. माझी मराठवाडी बोली हा त्यांच्या चेष्टेचा विषय होता. पहिले दोन चमचे झाले, मी विचारलं, "बोला आप्पा," आणि ते माझ्या आवाजाची नक्कल करत म्हणाले, "काय... करायलास?"

कोरडा आवाज. दोन चमचे अजून. "काय करायलास?"

तसं आमचं सुरू झालं. आठवडा संपला. मी गेलो नाही. सिस्टरांनीही विचारलं नाही.

पण भीती गेली असं समजू नका. लोकांना वाटतं शिकलं की भीती जाते. माझी वाढली. आधी मला माहीत नव्हतं काय चुकतं. आता प्रत्येक चमच्याला माहीत होतं. कपभर चहाला पाऊण तास लागायचा आणि तेवढ्यात माझा शर्ट पाठीला चिकटायचा. रोज सकाळी मी त्यांच्या कपाळाला हात लावायचो, ताप आहे का बघायला, आणि हात लावायच्या आधी थोडा वेळ तसाच उभा राहायचो. आप्पा वाळत होते, हेही दिसत होतं. पण हात मोकळा होता. त्या हातानं ते माशी हाकलायचे, नातवाचं प्रगतिपुस्तक धरून बघायचे, उसाच्या गाड्या कुठल्या कारखान्याला चालल्यात हे बोटानं विचारायचे. चहा नाकाजवळ आला की आधी वास घ्यायचे, डोळे मिटून. मी म्हणायचो, "आप्पा, हनुवटी." ते म्हणायचे, "थांब की. घाई... काय?"

मग शिरूरहून आत्याबाई आल्या. आप्पांची धाकटी बहीण, सत्तरीची, आवाज खणखणीत. हातात शहाळं. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस रिकामा जात नाही. काहीतरी तोंडात घालून जातो. दोन चमचे पाजले की त्याला वाटतं आपण भेटलो. आप्पा तेव्हा आडवे होते, नुकतेच झोपलेले. आत्याबाई खाटेवर बसल्या, वाटीत शहाळ्याचं पाणी घेतलं, आणि भावाच्या डोक्याखाली हात घातला. मान मागं जायला लागली.

मी पुढं होऊन त्यांचा हात धरला.

आयुष्यात कधी मी असं केलं नव्हतं. घरमालकाच्या आत्याचा हात. सगळे बघत होते.

"तू कोण रे माज्या भावाचं तोंड धरणारा?" आत्याबाई कडाडल्या. "वाळून काटकी झाली त्याची! खायला घालत न्हाईसा, आन् घालू बी देत न्हाईसा? लांबनं आलेला माणूस, तुला कसली आलीय माया?"

माया आहे का, हे मला तरी कुठं माहीत होतं? मी एवढंच म्हणालो, "आत्याबाई, असं पाजलं की छातीत जातंय. मी एकदा केलंय. म्हणून सांगायलो."

दादा दारात उभे होते. मला वाटलं आता संपलं. ते म्हणाले, "आत्या, पाव्हणं सांगत्यात तसं कर."

मी आप्पांना जागं केलं, बसवलं, तोंड पुसलं. शहाळ्याच्या पाण्यात साबुदाण्याची पेज कालवून दाट केलं. आत्याबाईंच्या हाताखाली माझा हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून चमचा खालून नेला. घाटी वर गेली. खाली आली. आत्याबाईंनी दुसरा चमचा लगेच भरला, मी त्यांचा हात थोपवला. "बोला, आप्पा."

"काय करायलास... येडे?"

बहिणीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ती म्हणाली, "भाड्या, अजून शिव्या देतोय."

चारच चमचे गेले. पण त्या तृप्त होऊन गेल्या.

त्यानंतर पंधराएक दिवस असेच. मग एका सकाळी कपाळाला हात लावला आणि चटका बसला.

डॉक्टर वस्तीवर येऊन गेले. शिरूरला हलवायचं तर हलवू, म्हणाले, पण तिथं मशीन लावतील, हात परत बांधावे लागतील. आप्पांनी मान हलवली. दादांनी आप्पांचा हात धरूनच डॉक्टरांना सांगितलं, "हितंच." तगमग कमी होईल असं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं. सिस्टर सकाळ-दुपार येऊन बघून जायच्या. मी आता चमचा हातात घेत नव्हतो. ओल्या कापसानं ओठ आणि जीभ भिजवायची, एवढंच. ते दोन दिवस मी कसा होतो ते मला सांगता येत नाही. कुणी मोठ्यानं बोललं तरी दचकायचो.

भावकीतली माणसं जमली. दादांचे एक चुलते तांब्या घेऊन पुढं आले, "तोंडात पाणी घाला, कोरड्या तोंडानं जाऊ देऊ नका." तसाच तांब्या, तसलंच वाक्य. सिस्टर पायाशी बसल्या होत्या. त्यांनी कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, पिळला आणि चुलत्यांच्या हातात दिला. "आबा, ह्यानं लावा. ओठाला. तुमचं पाणी पोचतंय."

चुलत्यांनी बोळ्याकडं बघितलं, सिस्टरांकडं बघितलं. आणि लावला. मग एकेकानं लावला. दादांनी, वहिनींनी, नातवानं. शेवटी दादा मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी बी."

सकाळी दहाच्या सुमारास, लोक बोलत असतानाच, आप्पांचा श्वास थांबला. कुठली धडपड नाही. माझं लक्ष नरड्यावर होतं म्हणून सगळ्यांत आधी मला कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. दोन श्वासांएवढा वेळ ते फक्त मला माहीत होतं.

पुढचं भावकीचं काम सुरू झालं. सिस्टर डोक्यावर पदर घेऊन अंगणात, चपलांच्या ढिगाशी उभ्या होत्या. मी तिथं गेलो आणि दोन दिवस घशात अडकलेलं विचारलं.

"माझ्या चमच्यानं गेले का?"

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. कुणीही नाहीच म्हणालं असतं.

"असंल," त्या म्हणाल्या. "चहा उतरला असंल छातीत. न्हाईतर त्यांची त्यांची थुंकी. सांगता येत न्हाई. त्यांना म्या पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, आन् त्यांनी हो म्हटलं व्हतं. तू तेच केलंस जे त्यांनी मागितलं, आन् नीट केलंस."

"आणि माझा बाप?"

आतून बायकांचं रडणं येत होतं.

"मी तिथं नव्हते. मला काय म्हाईत? तापात असं बी जात्यात माणसं. त्यानं पाणी मागितलं, तू दिलंस. चुकीचं दिलंस असंल. पण मागितल्यालं दिलंस."

एवढंच. माझं ओझं काही उतरलं नाही. पण तोवर ते ओझं मी एकट्यानं, न बघता वाहत होतो. त्या दिवशी कुणीतरी ते माझ्यासोबत उचलून, फिरवून बघितलं आणि परत माझ्याच खांद्यावर नीट ठेवलं. खोटं सांगून त्यांनी ते हलकं केलं नाही, म्हणून मी त्यांचा जास्त ऋणी आहे.

आता मी केडगावला असतो. दुसरं घर, दुसरी म्हातारी माणसं. इथल्या घरात पेशंट सांभाळायला कुणी नवीन आलं की मी त्याला आधी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतो आणि त्याची मान मागं करून चमचाभर चहा पाजतो. ठसका लागला की शिव्या खातो, मग हनुवटी खाली करायला सांगतो. भीती आहेच. आत्ताही स्वयंपाकघरात कुणीतरी खोकलं आणि माझं पेन थांबलं.

सिस्टर अधूनमधून फोनवर बोलतात. गुडघे गेलेत, स्कूटी पुतण्याला दिली. मुलं परदेशात. परवा बोलताना हसत म्हणाल्या, "गावातल्या सगळ्यांच्या तोंडात घातलं, माझ्या वेळेला कोण हाय रे? हितले सगळे मान वरच करणार." हसत म्हणाल्या, पण मी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांचा आवाज ओळखतो; त्या हसण्याच्या तळाला भीती होती. माझ्यासारखीच. त्यांनाही ती असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मला फोनवर नीट बोलता येत नाही, "बरं बरं" म्हणून ठेवला. म्हणून इथं लिहून ठेवतो. सिस्टर, तुम्ही बोलवाल तेव्हा मी येईन. केडगावला असेन, हिंगोलीला असेन, हातातलं काम सोडून पहिल्या गाडीनं येईन. तुम्हाला काय हवं, काय नको, हे आधी तुम्हालाच विचारीन, आणि तुम्ही सांगाल तेच करीन, माझे हात कितीही थरथरले तरी.